बंबावर लागलेला दिवा

मंचरच्या बाजारात कांद्या-बटाट्याच्या गाड्या जिथं वळण घेतात, तिथून दोन गाळे आत दादाभाऊचं फ्रिज दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, दहा बाय बाराची खोली. दारात पाठी उघडलेले फ्रिज, आत गॅसच्या टाक्या, आणि मधोमध एक जुना हिरवा फ्रिज, ज्यात दादाभाऊ स्वतःचं ताक आणि गिऱ्हाइकांचे स्क्रू ठेवतो. आंबेगाव तालुक्यात कुठल्याही डेअरीची दूध गार करायची टाकी रुसली की पहिला फोन त्याला जातो. दारातूनच आवाज ऐकून तो सांगतो, कॉम्प्रेसर अजून किती दिवसांचा सोबती आहे. वय बेचाळीस, हातात कसब, व्यसन नाही, बायको आशा शहाणी. अशा माणसाला खरं तर काही कमी नव्हतं. पण त्याला एक दुखणं होतं, आणि त्या दुखण्याचं नाव भरत.

भरत लोणीचा, आणि दादाभाऊही लोणीचाच. फरक एवढाच, की भरतच्या घरची गावात पाच पिढ्यांची जमीन आणि दादाभाऊचा बाप यमाजी मेंढरांमागं फिरणारा. दिवाळी झाली की यमाजीचा कळप घाट उतरून कोकणात जायचा, आणि दादाभाऊची शाळाही त्याच्यामागोमाग घाट उतरायची. भरतची शाळा एक दिवस बुडाली नाही. तरीही दोघं आयटीआयला एका बाकावर आले आणि पुढं सहा वर्षं याच दुकानात भागीत राहिले. हाताला दादाभाऊ सरस. हे भरतही मान्य करायचा, चारचौघांत करायचा, आणि दादाभाऊला ते ऐकायला फार आवडायचं.

त्या दिवसांतली गोष्ट. पाणी गार करायच्या छोट्या मशीनमध्ये बिस्किटाएवढी पांढरी प्लेट असते. तिला वीज दिली की तिची एक बाजू गार पडते आणि दुसरी तापते. गिऱ्हाइकाचं असलं एक मशीन खोलताना दादाभाऊच्या डोक्यात आलं, की वीज देऊन गार-गरम होतं, तर गार-गरम देऊन वीज का होऊ नये? घरी न्हाणीपाशी आंघोळीचा बंब पेटलेला होता. बंब म्हणजे मधल्या नळकांड्यात जाळ आणि भोवती पाणी. गरम आणि गार एकमेकांना चिकटूनच. त्यानं प्लेट धुराड्याला लावली, वर ओलं फडकं दाबलं, दोन तारा काढून रेडिओतला बारका लाल दिवा जोडला. दिवा लागला. ओट्यावर चहा पीत बसलेला भरत उठून आला, बराच वेळ वाकून बघत राहिला आणि म्हणाला, भारी हाय राव. दादाभाऊ हसला, प्लेट काढली आणि दुपारी गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये परत बसवून टाकली.

पुढच्या वर्षी भरत नोकरीला पुण्याला गेला. बारा वर्षांनी परत आला तो नारायणगावात स्वतःची कंपनी घेऊन. कंपनी म्हणजे एक शेड आणि पाच इंजिनियर पोरं, पण छोट्या उद्योगांना संशोधनासाठी सरकार जो निधी देतं तो तिला मिळाला होता. आणि संशोधन कसलं? बंबाच्या उष्णतेची वीज करायची आणि त्या विजेवर रक्त साठवायची पेटी चालवायची. पेपरात फोटो आला होता. गळ्यात दोरीनं लोंबणारा चष्मा घालून भरत उभा, शेजारी बंब.

दादाभाऊनं तो पेपर वाचला आणि त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. माझ्या न्हाणीतला दिवा त्यानं उचलून नेला, एवढंच तो आशाला पुन्हा पुन्हा सांगत राहिला. आशा भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

“तुमी दिवा लावला आन इझवला,” ती म्हणाली. “त्यानं इझू दिला न्हाई.”

या वाक्यावर दादाभाऊ दोन दिवस तिच्याशी बोलला नाही.

मत्सर हा मोठा कष्टाळू प्राणी आहे. माणूस सुट्टी घेईल, मत्सर घेत नाही. दादाभाऊ डेअरीच्या टाकीखाली उताणा पडलेला असो की कुणाच्या लग्नात पंगतीला बसलेला, भरतची कुठली ना कुठली बातमी त्याच्या कानाला येऊन चिकटायचीच. भरतनं गाडी घेतली. भरत दिल्लीला जाऊन आला. भरत आता थांबून थांबून, शब्द तोलून बोलतो. बातमी आणणाऱ्याला दादाभाऊ चहा पाजायचा, सगळं खोदून खोदून विचारायचा, आणि तो गेला की म्हणायचा, मला काय करायच्यात त्याच्या गोष्टी.

त्यातच तीन वर्षांपूर्वी नारायणगावहून कुरियरनं एक जाडजूड खाकी पाकीट आलं. पाठीमागं भरतचं नाव. त्याच आठवड्यात भरतच्या नव्या शेडचं उद्घाटन होतं. आपल्याकडं मानाच्या माणसाला निमंत्रण द्यायचं तर माणूस स्वतः घरी येतो, अक्षता हातावर ठेवतो, चहा घेतो. आणि हा पठ्ठ्या सहा वर्षांच्या भागीदाराला कुरियर धाडतो? दादाभाऊच्या अंगाचा तिळपापड झाला. आशा म्हणाली, उघडून तर बघा. त्यानं पाकिटाची घडी घातली आणि हिरव्या फ्रिजचा एक पाय आखूड होता, त्याखाली सारून दिली. फ्रिजचं खडखडणं थांबलं. मग भरतचे तीन फोन आले. दादाभाऊनं तिन्ही वाजू दिले.

यंदा श्रावणात त्याला तळेघरच्याही पलीकडं, डोंगरातल्या एका छोट्या सरकारी दवाखान्यातून बोलावणं आलं. लशींच्या फ्रिजचं दार नीट बसत नव्हतं. तिथं जाईपर्यंत त्याला ठाऊक नव्हतं, की भरतची पेटी चाचणीसाठी याच दवाखान्यात ठेवली आहे. दारातून आत शिरला तर ती समोरच, पांढरीशुभ्र, कमरेएवढी.

पेटी तिथं असण्याला कारण होतं. त्या भागात पावसाळ्याचे चार महिने ऊन दिसत नाही, त्यामुळं छपरावरचं सोलर नावापुरतं. विजेच्या तारा वाऱ्यानं तुटतात त्या दोन-दोन दिवस जोडल्या जात नाहीत. रक्ताची पिशवी मात्र दोन ते सहा अंशांतच ठेवावी लागते. त्याहून तापली तर टाकून द्यायची, गोठली तर आतल्या पेशी फुटून रक्त वाया जातं. म्हणून अडलेल्या बाईला रक्त लागलं की गाडी मंचरला पळवायची, घाटातून जाऊन येऊन तीन तास. दवाखान्यात एकच गोष्ट रोज न चुकता होते. पहाटे मागच्या पडवीत बंब पेटतो, बाळंतिणींच्या आंघोळीसाठी. भरतनं त्याच बंबाला प्लेटा बसवल्या होत्या. जाळावर आणि मग दुपारपर्यंत धगधगणाऱ्या निखाऱ्यांवर बॅटरी भरायची, आणि बॅटरीवर पेटी चालायची.

दादाभाऊनं पेटीवर हात ठेवला, कान लावला. आवाज गुळगुळीत. मागं जाऊन जोड तपासले. एक जोड चुकलेला सापडला असता तर त्याचा दिवस चांगला गेला असता. सापडला नाही, त्यामुळं तो अधिकच चिडला.

डॉक्टर प्राची म्हणून तरुण बाई तिथं होत्या. त्यांनी सांगितलं, की पेटी दहा दिवस नीट चालते आणि मग अचानक कधीतरी दुपारी तापायला लागते. भरतची पोरं तीनदा येऊन तारा बदलून गेली, प्लेटा बदलून गेली. कारण सापडेना. बारा दिवसांनी पुण्याहून तपासणीचे साहेब येणार होते. पेटी तेव्हाही अशीच वागली तर पुढचा निधी थांबणार होता. दादाभाऊनं चेहरा काळजीचा केला आणि मनात म्हणाला, देव आहे.

लशींचा फ्रिज मागच्या पडवीत ओढून तो दाराचा रबर बदलत बसला होता. नऊ वाजले असतील. डॉक्टरबाई पलीकडं बाहेरचे पेशंट बघत होत्या. तेवढ्यात दवाखान्यात झाडलोट करणारी आणि बंब पेटवणारी चिमाबाई मागच्या दारानं आली. पदरानं घमेलं धरलेलं. तिनं इकडंतिकडं बघितलं, बंबाचं तोंड उघडलं, लालभडक निखारे चिमट्यानं घमेल्यात भरले, आणि बाळंतिणींच्या खोलीत गेली. थोड्याच वेळात ओव्याचा आणि बाळंतशेपांचा धूर पडवीत आला.

दादाभाऊच्या हातातला रबर हातातच राहिला. बाळंतिणीच्या बाजेखाली शेक द्यायची शेगडी. त्याच्या आईला दिली होती, आशाला दिली होती, इथल्या डोंगरातल्या बायका तर तिच्याशिवाय बाळंतपण झालं असं मानतच नाहीत. धुरामुळं दवाखान्यात तिला मनाई, म्हणून हे मागच्या दारानं. म्हणजे वॉर्डात बाळंतीण नसली की निखारे दुपारपर्यंत बंबातच राहणार आणि पेटी चालणार. बाळंतीण असली की निखारे नऊलाच जाणार, बॅटरी अर्धी राहणार आणि पेटी तापणार. रक्त लागण्याची पाळी ज्या दिवसांत यायची, नेमकी त्याच दिवसांत पेटी बंद. नारायणगावच्या शेडमध्ये हे कुणाला जन्मात कळलं नसतं. पाच इंजिनियर आणि एक चष्मा, आणि बंबातले निखारे कुठं जातात ते कुणाला ठाऊक नाही.

चिमाबाई परत आली, तिनं त्याला बघितलं आणि दचकली. मग बोटानं गप्प राहायची खूण केली आणि जवळ बसली. तिच्या सुनेच्या वेळचं सांगू लागली. सून इथं पडलेली आणि रक्त मंचरला. वाचली, पण पोर गेलं. ही पेटी इथंच ऱ्हायली तर बरं व्हईल भाऊ, असं ती म्हणाली, आणि रिकामं घमेलं राखेनं घासायला घेतलं. दादाभाऊनं मान डोलावली.

पुढचे बारा दिवस त्यानं ती गोष्ट खिशात नोट ठेवावी तशी जपली. आशालाही सांगितली नाही. डेअरीत टाकी उघडताना ती आठवायची आणि त्याला गुदगुल्या व्हायच्या. कधी कधी रात्री जेवताना चिमाबाईची सून आठवायची, मग घास तोंडातच फिरायचा. तेव्हा तो स्वतःला बजावायचा, की आपण काही बिघडवलेलं नाही. आपण फक्त गप्प बसलोय. गप्प बसायचा माणसाला हक्क आहे.

तपासणीच्या दिवशी त्याला तिथं जायचं काहीच कारण नव्हतं. तरी रबर एकदा तपासून घेतो असं सांगून तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला. वॉर्डात दोन बाळंतिणी होत्या. भरत पडवीत उभा होता. पंधरा-सोळा वर्षांनी दोघं समोरासमोर आले. भरतचे केस विरळ झाले होते. तो पुढं आला, हात धरला, बरं झालं आलास म्हणाला. दादाभाऊनं हात सोडवून घेतला आणि लशींच्या फ्रिजमागं जाऊन बसला. भरत पोरांना घेऊन आत पेटीपाशी गेला, आणि दादाभाऊच्या डोळ्यांदेखत चिमाबाई निखाऱ्यांचं घमेलं घेऊन गेली.

साहेब अकराला आले. पेटीत मुदत संपलेल्या रक्ताच्या पिशव्या चाचणीसाठी ठेवल्या होत्या. काटा चारवर होता. बाराला पाचवर आला, साडेबाराला सहावर. भरतची पोरं मोबाईलमध्ये डोकी खुपसून बसली. एकला सात. भरतनं चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. बंबाच्या तोंडात वाकून बघितलं, तिथं राख होती. जाळ विझला की राख व्हायचीच, त्यात त्याला काही वावगं दिसलं नाही. दादाभाऊ बघत होता. हीच घटका बघायला तो इतकी वर्षं जगला होता, आणि आता ती समोर आली तर तिची चवच लागेना.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी शांतपणे विचारलं, की कुणी पेटी उघडी ठेवतं का? वॉर्डात आत-बाहेर कोण करतं? सगळ्यांच्या नजरा फिरल्या त्या चिमाबाईवर. एका पोरानं तर सांगूनच टाकलं, की मावशीच सारख्या इकडून जातात, त्याच उघडत असणार. चिमाबाई उभी होती तिथंच थिजली. खरं सांगावं तर चोरून दिलेला शेक उघडा पडतो, न सांगावं तर पेटीचा आळ. कंत्राटावरची नोकरी तिची. तिनं हात जोडले आणि खाली बघत राहिली. साहेबांनी वहीत काहीतरी लिहायला घेतलं.

दादाभाऊला भरत पडलेला बघायचा होता. चिमाबाई नव्हे. तो फ्रिजमागून उठला तेव्हा आपण उठलोय हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

“तिनं पेटीला हात लावला न्हाई,” तो म्हणाला. “बंबातलं निखारं न्हेलं, बाळंतिणीच्या शेकाला. बाळंतीण आसंल तवा निखारं नवालाच जात्यात, मग बॅटरी भरत न्हाई. तुमच्या वहीतलं तापल्यालं दिस आन दवाखान्यातली बाळंतपणाची वही शेजारी ठेवून बघा. मला बारा दिसांपासनं ठावं हाय.”

डॉक्टरबाईंनी वही आणली. तारखा एकेक करून जुळल्या. मग साहेबांनी विचारलं, की बारा दिवस ठाऊक होतं तर सांगितलं का नाही?

“पोटात दुखत व्हतं, साहेब,” दादाभाऊ म्हणाला. त्यानं भरतकडं बघायचं टाळलं. “बंबावर पह्यला दिवा मी लावला व्हता. माझ्या न्हाणीत. आन नाव त्याचं झालं.”

आता भरत भांडेल, नाही म्हणेल, साहेबांपुढं आपल्याला वेड्यात काढेल, अशी त्याची तयारी होती. तसं झालं असतं तर त्याला सोपं गेलं असतं. भरतनं चष्मा काढला.

“म्हणूनच तर कागद धाडला व्हता तुला,” भरत म्हणाला. “तीन वर्सं झाली. तीन येळा फोन केला. तू सही केली न्हाईस. मला वाटलं, माझ्या नावाशेजारी तुला तुझं नाव नको आसंल.”

पुढचं सगळं दादाभाऊला अर्धवटच ऐकू आलं. साहेबांनी एक महिन्याची मुदत वाढवून दिली. शेकासाठी पडवीत वेगळी चूल करायची आणि बंबाच्या तोंडाला जाळी बसवायची असं ठरलं. डॉक्टरबाई चिमाबाईला एवढंच म्हणाल्या, की ओव्याचा वास मला येत नव्हता असं वाटलं का तुम्हाला, मी आपलं नाक बंद ठेवलं होतं. चिमाबाई पदर तोंडाला लावून रडली, आणि मग तिनंच सगळ्यांसाठी चहा केला. दादाभाऊ चहाला थांबला नाही.

सगळा घाट तो गाडी हळू हाकत उतरला. दुकानात पोचला तेव्हा आशा डबा घेऊन येऊन बसली होती. तो थेट हिरव्या फ्रिजपाशी गेला, पहारीनं कोपरा उचलला आणि पायाखालचं पाकीट ओढून काढलं. तेलानं काळं पडलेलं, मधोमध फ्रिजच्या पायाचा गोल ठसा. त्यानं कडा फाडली.

आत टाईप केलेले कागद होते. पेटंटच्या अर्जासोबत जोडायचे, असं वर लिहिलेलं. बंबाच्या उष्णतेपासून वीज, मूळ कल्पना आणि पहिला प्रयोग: दादाभाऊ यमाजी, मंचर. त्याखाली, प्रयोग प्रत्यक्ष पाहणारा: भरत. दादाभाऊच्या नावापुढं सहीची जागा कोरी, आणि सही कुठल्या तारखेच्या आत हवी तेही लिहिलेलं. ती तारीख कधीच उलटून गेली होती. एका चिठ्ठीवर भरतच्या हातचं अक्षर होतं. स्वतः घरी यायला पाहिजे होतं, पण तू दारातूनच तोंड फिरवशील याची भीती वाटली, म्हणून कुरियर केलं. सही करून धाड.

आशानं कागद त्याच्या हातून घेतला आणि दोनदा वाचला. ती एका शब्दानंही त्याला टोचून बोलली नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं.

“माझं नाव वर घातलंय त्यानं,” दादाभाऊ म्हणाला. “त्याचं खाली.”

तो स्टुलावर बसला. आपण भरतच्या जागी असतो तर असं लिहिलं असतं का, हे त्यानं स्वतःला विचारून बघितलं, आणि उत्तर त्याला ठाऊक होतं. गाडी भरतकडं, शिक्षण त्याच्याकडं, कंपनी त्याच्याकडं, आणि आता एवढं मोठं मनही त्याच्याचकडं. पोटातलं ते जुनं दुखणं पुन्हा उठलं, आणि या खेपेला ते पहिल्यापेक्षा खोल होतं. आधार गेल्यामुळं हिरवा फ्रिज मागं खडखडायला लागला होता. आशानं उठून त्याचं बटण बंद केलं आणि आतलं ताक काढून पेल्यात ओतलं.